मेलेल्या जनावराचं मोल

1 डिसेंबर 2021. कार्तिक सरत आला होता. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर या सलग पट्ट्यावर पावसाने धार धरली. रात्री वारं सुटलं, गारठा वाढला. या दिवसांत कुकडी नदीच्या पाण्यावरच्या गावांमध्ये मेंढरांचे वाडे उतरलेले असतात. पावसाळा सरला की मेंढपाळ माळरानावरून खाली येतात. शेतकरी त्यांना मोकळं झालेलं रान बसायला देतो आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाहीतर रोख पैसे देतो. वाघर म्हणजे जाळी लावून कळप उघड्यावर बसवायचा, शेजारी कागदाचं पाल ठोकायचं, घोडं बांधायचं, कुत्री मोकळी सोडायची. असा हा संसार असतो.

त्या रात्री रानाचा चिखल झाला. लोकर भिजून जड झाली आणि मेंढरं ऊब शोधत एकमेकांवर चढली. कोकरं खाली दबली. मेंढपाळाकडे पालापुरता एक कागद, तो माणसांवर धरायचा की कोकरांवर? 2 डिसेंबरच्या सकाळी शिवाराशिवारांत ताठ झालेली मेंढरं ओळीने मांडून मोजणी सुरू झाली. या पट्ट्यात एका रात्रीत शेकड्यांनी मेंढ्या-शेळ्या गेल्या. अनेक वाड्यांत निम्मा कळप आडवा झाला होता.

तलाठी भाऊसाहेब आले, पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर आले, पंचनामे झाले. आपत्ती निवारण निधीचे तेव्हाचे निकष असे होते: मेंढी किंवा शेळी मेली तर 3,000 रुपये, आणि एका कुटुंबाला फार तर 30 लहान जनावरांपर्यंत. बाजारात गाभण मेंढीला याच्या तिपटीहून जास्त पैसे पडतात. ज्याची पन्नास मेंढरं गेली, त्याची वरची वीस निकषाच्या बाहेर राहिली. गोठ्यात चार शेळ्या बांधणाऱ्याला ही मर्यादा कधी आडवी येत नाही. मेंढपाळाचं मात्र सगळं भांडवलच कळपात असतं, जमीन नाही आणि घरही वर्षातले थोडेच महिने. निकष लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गोठा होता, वाडा नव्हता. मला या विषयाचा मागोवा घ्यावासा वाटला तो इथून. मेलेल्या जनावराचे पैसे सरकार कधीपासून द्यायला लागलं, कुणाला द्यायला लागलं, आणि किती?

हा इतिहास जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुकसारख्या गावांच्या अंगाने सांगता येतो. अभ्यासकांना बोरी माहीत आहे ती कुकडीच्या काठावर सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या महास्फोटाशी या राखेचं नातं जोडलं जातं. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथले थर आणि दगडी हत्यारं यांवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि राखेच्या वयावरून वादही झडले. त्या मानाने गेल्या दीडशे वर्षांत या काठावर जनावरं कशी जगली आणि कशी मेली, याकडे कुणी फारसं पाहिलेलं नाही.

1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली. गुरांसाठी असं काही काम नव्हतं. चारा संपला की ती विकली जात, नाहीतर मरत. पाऊस आला तरी औताला बैल नसायचे, आणि म्हणून दुष्काळ पुढच्या हंगामातही चालू राहायचा. सरकारला हे उमगलं, पण त्याचं उत्तर कर्जाच्या रूपात आलं. 1883 चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा आणि 1884 चा शेतकरी कर्जाचा कायदा, या दोहोंतून तगाई मिळू लागली. दुसऱ्या कायद्यात बी-बियाण्याबरोबर गुरं घेण्यासाठीही कर्जाची सोय होती. म्हणजे बैल गेला तर नवा बैल घ्यायला सरकार उसने पैसे देणार आणि ते वसूलही करणार. गेलेल्या बैलाचं नुकसान शेतकऱ्याच्याच अंगावर.

याच सुमारास, 1883 मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. सरकारी जंगलखात्याने गावांची गायरानं आणि डोंगराची चराई गिळली आणि शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना तोंड घालायला जागा उरली नाही, ही तक्रार त्यांनी त्यात ठणकावून मांडली आहे. पुढच्या हकिकतीत हेच खातं वेगळ्या रूपात परत येतं, म्हणून ही तक्रार ध्यानात ठेवायला हवी.

त्या काळात जंगली जनावराने गुरं मारली तर सरकार काही देत नसे. पैसे मिळत ते उलट बाजूने. मुंबई इलाख्यात वाघ, बिबटे मारून आणणाऱ्याला बक्षीस होतं. शिकार हा साहेबाचा छंद होता आणि गावाचा बंदोबस्तही. सह्याद्रीच्या अंगाला महादेव कोळी वाघोबाला शेंदूर लावत, वाघबारशीला त्याची पूजा करत आणि गुरं राखून ठेवण्याचं साकडं घालत. ती पूजा अजून चालते. सरकार बिबट्याच्या मुंडक्याचे पैसे मोजत होतं आणि गुराखी देवाशी बोलणी करत होता. या दोघांत मेलेल्या गाईची नोंद करणारं कुणी नव्हतं.

1972 हे साल महाराष्ट्राच्या आठवणीत दुष्काळाचं म्हणून कोरलेलं आहे. सुकडी, खडी, रोजगार हमीची सुरुवात. गुरांसाठी छावण्या उघडल्या गेल्या आणि जनावर जगवणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे तत्त्व तेव्हापासून रुजत गेलं. त्याच वर्षी संसदेने वन्यजीव संरक्षण कायदा केला. तो कायदा आणि त्यानंतरचे बदल यांनी बिबट्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत बसवलं. बक्षिसाचा जमाना संपला. आता बिबट्या मारणं हा गुन्हा झाला. आणि जो प्राणी सरकारने आपल्या पंखाखाली घेतला, त्याने केलेलं नुकसान सरकारने भरून द्यायला हवं, ही मागणी त्याच्या मागोमाग आली. मला ती पूर्ण न्याय्य वाटते. शेतकऱ्याच्या हातातली काठी कायद्याने काढून घेतली, तर शेळीची जबाबदारी कायद्यानेच उचलायला हवी.

त्यानंतरच्या तीस वर्षांत जुन्नर-आंबेगावचं रूप पार पालटलं. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी येडगाव, ऐंशीच्या दशकात मीना नदीवर वडज आणि कुकडीवर माणिकडोह, पुढे पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवर डिंभे. कालवे वाहू लागले, बाजरीच्या रानात ऊस आला, विघ्नहर आणि नंतर भीमाशंकर कारखान्याची धुराडी पेटली. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उभ्या केलेल्या ‘बायफ’ने गावठी गाईंच्या पोटी संकरित वासरं आणली होती. ती वाट रुळत गेली आणि दूध हा घरखर्चाचा कणा बनला. पूर्वीची गाय शेणाची आणि बैलाची आई होती. आताच्या संकरित गाईवर डेअरीचा दहा दिवसांचा पगार चालतो. तिच्या किमतीत जुनी मोटारसायकल येते, कधी त्याहून जास्त.

उसात बिबट्या आला. खरं तर तो तिथेच जन्माला आला. दहा-बारा महिने माणूस न फिरकणारं दाट, गार, पाण्याजवळचं रान मादीला पिलांसाठी दुसरं कुठलं मिळणार? पोट भरायला गावकुसाबाहेर कुत्री, डुकरं, शेळ्या. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्याच्या खाण्यात 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला आणि त्यातही एकट्या कुत्र्याचा 39 टक्के. शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही तिथे कमी मारल्या जात होत्या, कारण त्या रात्री कोंडलेल्या असत. उघड्यावरच्या वाड्यातल्या मेंढराला ही सोय नसते.

2001 मध्ये परिस्थिती हाताबाहेर गेली. वनखात्याने पिंजरे लावून बिबटे पकडायला आणि दूरच्या जंगलांत नेऊन सोडायला सुरुवात केली. हेतू चांगला होता, पण परिणाम भयंकर झाला. अत्रेय यांनी नंतर प्रसिद्ध केलेले आकडे सांगतात की 1993 ते 2001 या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. फेब्रुवारी 2001 मध्ये स्थलांतराची मोहीम सुरू झाल्यावर ते वर्षाला 17 वर गेले, आणि त्यात जीव जाण्याचं प्रमाणही वाढलं. ओळखीचा मुलूख सुटलेला बिथरलेला बिबट्या अनोळखी ठिकाणी माणसांत जाऊन पडत होता. 2002 मध्ये माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभं राहिलं. पुढे ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था ते वनखात्याबरोबर चालवू लागली. पकडलेले अनेक बिबटे आयुष्यभर तिथेच राहिले.

पिंजऱ्यांच्या बातम्या झाल्या. त्या गदारोळात एक साधी गोष्ट वर्षानुवर्षं चालू होती. बिबट्याने शेळी मारली की वनरक्षक येतो, पंचनामा करतो आणि काही महिन्यांनी खात्यात पैसे जमा होतात. माझं मत असं की जुन्नरच्या शेतकऱ्याने बिबट्याला इतकी वर्षं सोसलं, त्यात या पंचनाम्याचा वाटा पिंजऱ्यापेक्षा मोठा आहे. विष घातलेलं मढं ठेवून बिबट्या संपवणं अवघड नाही. ते सर्रास झालं नाही, कारण नुकसान लिहून घेणारा कुणीतरी दारात येत होता.

हा पंचनामा जवळून पाहण्यासारखा असतो. सकाळी गोठ्याच्या मागे रक्ताचा माग दिसतो, दावं तुटलेलं असतं, शेळी उसाच्या कडेला अर्धी खाल्लेली सापडते. पहिला नियम असा की मढं हलवायचं नाही. दुसरा, 48 तासांच्या आत वनखात्याला कळवायचं. गार्ड येतो, गळ्यावरचे सुळ्यांचे व्रण पाहतो, मऊ मातीत ठसे शोधतो. कुत्र्यांनी फाडलं असेल तर लचके वेगळे असतात. कुत्रं मागून आणि पोटाला धरतं, बिबट्या नरडं धरतो. डॉक्टर शवविच्छेदन करून किंमत लिहितात. पंच सह्या करतात, त्यांतला एक हमखास शेजारचा आणि एक पोलीस पाटलाच्या ओळखीचा. फोटो काढले जातात, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक जोडलं जातं. घरातली बाई हे सगळं चाललेलं असताना उरलेल्या शेळीला पाला टाकत असते, कारण ती शेळी तिची असते. अर्जावर मात्र बहुधा नवऱ्याचं नाव पडतं.

वाड्यावर हेच घडलं की गणित बिघडतं. मेंढपाळ आज बोरीत, परवा दुसऱ्या गावच्या शिवारात. गार्ड येईपर्यंत थांबायचं तर ज्याच्या रानात बसायचं ठरलं आहे त्याचा खोळंबा होतो. कागदपत्रं मूळ गावी आणि पासबुक दुसऱ्या तालुक्यातल्या बँकेचं. किती मेंढरं गेली आणि कधीच लिहिली गेली नाहीत, याचा हिशेब म्हणूनच कुठल्या दफ्तरात सापडत नाही. अलीकडे जुन्नर वनविभागाने मेंढपाळांना तंबू आणि सौर दिवे दिले, हे फार चांगलं पाऊल होतं. तंबू पावसातही कामाला येतो. पण बिबट्यापासून राखणारं खातं एक आणि पावसाचे पंचनामे करणारं दुसरं, त्यामुळे तंबू देताना पाऊस कुणाच्या हिशेबात धरला गेला नाही.

आता दराकडे येऊ. ऑगस्ट 2022 च्या शासन निर्णयानुसार वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात गाय, म्हैस किंवा बैल मेला तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70,000 रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. मेंढी-शेळीला हीच मर्यादा 15,000 ची. तीच गाय पुरात वाहून गेली तर आपत्ती निवारणाच्या 2022 ते 2026 च्या निकषांप्रमाणे 37,500, बैलाला 32,000, वासराला 20,000, मेंढी-शेळीला 4,000. आणि 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा गाय गेली तर 30,000, बैल 25,000, वासरू 16,000. गाय एकच आणि गोठाही तोच. ती कशाने मेली यावर तिचं मोल ठरतं, कारण तिच्या मरणाचा पंचनामा कधी वनरक्षक करतो, कधी तलाठी आणि कधी पशुधन विकास अधिकारी. मेंढरू बिबट्याने नेलं तर 15,000 पर्यंत आणि गारठ्याने गेलं तर 4,000. या तफावतीला कुठलंही शेतकी कारण नाही. प्रत्येक खात्याने आपापल्या काळात, आपापल्या तिजोरीकडे पाहून आकडा लिहिला आणि तो कुणी एकमेकांशी जुळवून पाहिला नाही.

लम्पीची आठवण या भागात अजून ताजी आहे. गाठी उठलेली, पायावर सूज आलेली गाय तिसऱ्या दिवशी चारा सोडायची. लसीकरणाला गावागावांत माणसं रांगा लावून उभी होती, गुरांचे बाजार बंद होते, बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजारही थंडावला. त्या वेळी भरपाई तुलनेने लवकर मिळाली. साथीची दखल राज्यभर घेतली गेली होती आणि गावाचा डॉक्टर रोजच गोठ्यात येत होता, हे त्यामागचं कारण. बिबट्याच्या बाबतीत नंतर कायदाच करावा लागला. वन्यप्राण्यांमुळे झालेल्या नुकसानीचे पैसे 30 दिवसांत द्यायचे आणि उशीर झाला तर व्याज द्यायचं, अशी तरतूद महाराष्ट्राने केली.

2024 मध्ये पुणे जिल्हा प्रशासनाने जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतली 233 गावं बिबट्याच्या दृष्टीने संभाव्य आपत्तिप्रवण क्षेत्र म्हणून जाहीर केली. पूर, भूकंप, वीज यांच्या पंगतीला बिबट्या येऊन बसला. जुन्नर वनविभागात 2000 सालापासून पन्नासहून अधिक माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली आहेत, तेव्हा याला कुणी उतावीळ म्हणणार नाही. मग 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन बळी गेले, त्यांत दोन लेकरं होती. लोकांचा बांध फुटला. वनखात्याची गाडी जाळली गेली, पुणे–नाशिक महामार्ग रोखला गेला आणि शेवटी त्या भागातला एक बिबट्या गोळी घालून मारला गेला. मुख्यमंत्र्यांनी हा संघर्ष राज्य आपत्ती ठरवण्याचा प्रस्ताव आणायला सांगितलं. मादी बिबट्यांच्या नसबंदीची चर्चा प्रत्यक्ष परवानगीपर्यंत पोचली.

त्या वर्षी मराठवाडा, सोलापूरच्या महापुरानंतर सरकारने एक मोठी गोष्ट केली. पुरात मेलेल्या जनावरांच्या मदतीला असलेली संख्येची मर्यादा काढून टाकली. जितकी जनावरं गेली तितक्यांचे पैसे. चार वर्षं आधी जुन्नर-आंबेगावच्या मेंढपाळांना हे मिळालं असतं, तर कित्येक वाडे मोडले नसते. पण ही सूट त्या पुरापुरती होती. कायमच्या निकषात ती यायला हवी, आणि त्यात फिरत्या कळपाची नोंद कुठल्याही तालुक्यात करता यायला हवी.

डिसेंबर 2025 मध्ये वनमंत्र्यांनी मांडलं की माणूस गेल्यावर 25 लाख द्यावे लागतात, चार माणसं गेली की एक कोटी होतात. त्यापेक्षा कोटीच्या शेळ्या जंगलात सोडा, म्हणजे बिबटे बाहेर येणार नाहीत. हळहळ समजण्यासारखी आहे, पण कुकडीकाठचा बिबट्या जंगलातून येतच नाही. तो उसात जन्मतो, उसात वाढतो आणि ऊस तुटला की शेजारच्या उसात जातो. भीमाशंकरच्या रानात सोडलेल्या शेळीचा त्याला पत्ताही लागणार नाही. त्याच एका कोटीत बोरी, बेल्हे, पिंपळवंडीच्या कित्येक गोठ्यांना जाळीचा दरवाजा आणि पक्कं छप्पर मिळेल. वाड्यांना उंच वाघर आणि दिवे मिळतील. आणि बिबट्याने नेलेल्या शेळीच्या किमतीतला जो पाव हिस्सा आजही शेतकऱ्याच्या अंगावर पडतो, तोही त्यातून भरून देता येईल.